किती खायचं ते पोराला ठरवू द्या

डे केअरमधे सगळं खातो आणि घरी आला की तोंड घट्ट मिटून बसतो, हे दोन-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाबा हमखास सांगतात. परदेशात तर याचा ताण जास्तच, कारण दिवसभर मूल दुसऱ्या कुणाकडे असतं आणि संध्याकाळी आपल्याला वाटतं आता तरी घरचे चार घास पोटात जावेत, मग मोबाईल लावून भरवणं सुरू होतं, ताट घेऊन मागे मागे फिरणं, शेवटचा शेवटचा म्हणत अजून पाच घास कोंबणं. हे थांबवा, अगदी मनापासून सांगतेय.

मुळात या वयात भूक कमी होतेच. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण 3 पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम 2 ते अडीच किलोच वाढतं, म्हणजे वाढीचा वेगच मंदावलेला असतो. एक दिवस दणकून जेवेल, दुसऱ्या दिवशी नुसतं चिवडत बसेल, म्हणून एका जेवणावरून काही ठरवू नका, आठवडाभरात काय काय पोटात गेलं ते बघा.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी याची फार छान वाटणी करून दिलीये. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं वाटतं पण भरलेलं ताट तसंच परत गेलं की जीव तुटतो, मला कळतं ते. तरी धीर धरा, कारण जबरदस्तीने भरवलं की पोट भरलंय हे स्वतःचं स्वतः ओळखायची मुलाची सवयच मोडते, आणि स्क्रीन समोर असेल तर आपण काय गिळतोय हेही त्याला कळत नाही.

आता घरी न जेवण्याचं खरं कारण बरेचदा कपात सापडतं. दूध किती जातंय ते एकदा मोजून बघा. 2 वर्षांच्या पुढे दिवसाला साधारण 500 मिली पुरे, त्याहून बरंच जास्त प्यायलं तर जेवणाला जागा राहत नाही आणि लोह कमी पडायचा धोका असतो. ज्यूसचं तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मधेच सांगितलंय, 1 वर्षाच्या आत अजिबात नाही आणि 1 ते 3 वर्षांत दिवसाला फार तर 120 मिली. त्यापेक्षा अख्खं फळ द्या. दोन खाण्यांमधे 2-3 तास फक्त पाणी, एवढं एक केलंत तरी फरक दिसेल.

नवीन भाजी पहिल्यांदा नाकारली म्हणजे आवडत नाही असं नसतं, 10-15 वेळा समोर यावी लागते कधीकधी. ताटात एक ओळखीचं काहीतरी ठेवा, बाजूला नवीन अगदी चमचाभर, आणि हात लावला, वास घेतला, तोंडात घालून बाहेर काढलं तरी काही बोलू नका. भाजी संपव मग चॉकलेट देते, हे मात्र नकोच, त्याने चॉकलेटची किंमत वाढते आणि भाजी म्हणजे शिक्षा होऊन बसते.

डे केअरमधे मूल का खातं हे तिथल्या ताईंना विचारा ना. बहुतेक ठिकाणी वेळ ठरलेली असते, सगळी मुलं एकत्र बसतात, आपल्या हाताने खातात आणि कुणी एकट्याच्या मागे लागत नाही. तेच घरी करा, तुम्ही पण सोबत बसून तेच जेवा. न्यायला जाता तेव्हा शेवटचं खाणं किती वाजता झालं तेही विचारा, 5 ला पोटभर खाल्लेलं मूल 6 ला कसं जेवणार?

आजी-आजोबा आले की त्यांचा आग्रह असतोच, तो मायेपोटी असतो, त्यांना बोलून दुखवू नका. भरवू नका म्हणण्यापेक्षा तुम्ही नातवंडाशेजारी बसून जेवा, तुमचं बघून तेही खाईल, असं सांगा. सांभाळणाऱ्या प्रत्येकाला काही गोष्टी मात्र स्पष्ट माहिती हव्यात, 1 वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, द्राक्षं उभी चिरून 4 तुकडे करूनच द्यायची, अख्खे दाणे आणि सुकामेवा 5 वर्षांपर्यंत नाही, आणि पळता पळता घास नाही, बसूनच.

वजन घटतंय, गिळताना सारखा ठसका लागतो, किंवा खाण्यातले पदार्थ कमी कमी होत दोन-चारवरच आलेत, तर मात्र वाट बघू नका, तुमच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या आणि आठवडाभराचं खाणंपिणं, दुधासकट, लिहून सोबत न्या.