ऑपरेशनआधी ताकद साठवायची कशी?

“तीन आठवड्यांनी आईचे ऑपरेशन आहे. तोवर तिला अंथरुणावरून हलू देत नाही. ताकद शिल्लक राहायला हवी ना?” सदाशिव पेठेतून आईला घेऊन आलेल्या मुलाने खुर्चीत टेकण्याआधीच मला हे विचारले. कर्करोगाच्या रुग्णांच्या घरून येणाऱ्या प्रश्नांत हा बहुधा पहिलाच असतो, आणि तो काळजीपोटी विचारलेला असल्यामुळे उत्तर जपून द्यावे लागते.

काकूंचे वय ६६, निदान मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे. दोन महिन्यांत वजन ५६ किलोवरून ५२ वर आले होते. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगितले, तेव्हा त्यांना उठता आले नाही. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरूनच त्या उभ्या राहिल्या. पडून राहिल्याने शक्ती साठत नाही, उलट वापरात नसलेला स्नायू झपाट्याने झिजतो, हे मुलाला समजावण्याची गरज त्यानंतर फारशी उरली नाही. नेदरलँड्सच्या पुढाकाराने काही देशांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशाच आजाराचे २५१ रुग्ण होते. शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे व्यायाम, प्रथिनयुक्त आहार आणि मानसिक आधार मिळालेल्यांपैकी १७.१ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली, इतरांपैकी २९.७ टक्क्यांना.

काकूंना सर्जन आणि फिजिओथेरपिस्टच्या संमतीने वाड्याच्या चौकात दिवसातून दोनदा दहा मिनिटे चालणे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागेपर्यंत, हळूहळू खुर्चीतून उठ-बस आणि तीन चेंडूंच्या उपकरणाने श्वासाचा व्यायाम इतकेच ठरले. पर्वती चढायला कोणी सांगत नाही! चक्कर, छातीत दुखणे किंवा रक्तस्राव झाल्यास मात्र लगेच थांबून डॉक्टरांना कळवायचे होते.

खरी अडचण ताटात होती. दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम या हिशेबाने त्यांना रोज ६२ ते ७८ ग्रॅम प्रथिने हवी होती, आणि त्यांचे सोमवार, चतुर्थी सगळे चालू. साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने येतात ती दाण्याच्या कुटातून. “खाल्लेले गाठीलाच लागणार,” अशी भीतीही सुनेने हळूच बोलून दाखवली. रुग्णाने खाणे तोडल्याने गाठ उपाशी राहत नाही, झिजतात ते रुग्णाचे स्नायू, हे मी दोनदा सांगितले. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, असा हिशेब सुनेने वहीत मांडला. अंडे काकूंनी ठाम नाकारले, म्हणून पनीर, घट्ट वरण, मुगाचे धिरडे आणि आहारतज्ज्ञाने सुचवलेली प्रथिनांची पावडर दुधातून दिली; उपवासाच्या दिवशी दूध आणि पनीर वाढवले. साधी तडजोड, पण भांडणे त्यावरूनच झाली.

शस्त्रक्रियेची तारीख आम्ही पुढे ढकलली नाही. नंतर जखमेतून काही दिवस पाणी येत राहिले, म्हणजे सगळे निर्विघ्न झाले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी नर्सने काकूंना खुर्चीत बसवले. परत पलंगाकडे जाताना नर्स आधार द्यायला पुढे झाली, तर काकूंनी सवयीने दोन्ही हात छातीशी बांधले.