कॅन्ससच्या कोचला हो म्हणायचं का?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटहून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमेरिकन फुटबॉल खेळतो, आउटसाइड लाइनबॅकर म्हणजे बचावफळीतला खेळाडू, उंची सहा फूट एक इंच, वजन १९५ पौंड, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी ३.६. मोठमोठ्या कॉलेजांचे कॅम्पचे ईमेल ढिगाने आले पण ऑफर एकही नाही. आता कॅन्ससमधल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या कोचने फोन करून सांगितलंय की फी, राहणं, जेवण सगळं आमचं, दोन वर्षं खेळ, मग तुला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटात, पाठवतो. बाबा म्हणतात गपचूप यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉम्प्युटर सायन्स घे. घरात आठ दिवस अबोला. शिवाय सगळे अजून एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवर (त्यावरच्या कुटुंबाचा व्हिसा), ग्रीन कार्डचा पत्ता नाही. आईचा प्रश्न एकच, पाठवू का?

ताई, नमस्कार. उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. कॅन्ससला आत्ता हो म्हणू नका. पण फुटबॉल बंद करा असंही मी म्हणत नाहीये, ते बाबांनाही वाचून दाखवा. माझं मत असं की घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात खेळू दे, यूसीचे अर्ज त्याच्या बरोबरीने भरू दे, आणि रस्ता असा निवडा की फुटबॉल जमलं नाही तरी पोराचं एकही वर्ष वाया जाणार नाही.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक वाक्य, ही ज्युनिअर कॉलेजं म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, हायस्कूल संपल्यावरची दोन वर्षांची कॉलेजं, जिथून मुलं पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होतात. त्यांची खेळाची संघटना एनजेसीएए, १९३८ पासूनची. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं त्यात नाहीत, त्यांची संघटना वेगळी आणि नियमही वेगळे, मुख्य म्हणजे तिथे खेळाची स्कॉलरशिप मिळतच नाही. म्हणून कॅन्ससची ऑफर एवढी चकचकीत दिसतेय.

आता मोठ्या कॉलेजचे कोच ज्युनिअर कॉलेजची, म्हणजे ज्युकोची, मुलं घेतात कशासाठी ते बघा. या मुलांचे साधारण दोन प्रकार असतात. पहिला, खेळ जबरदस्त पण हायस्कूलचे मार्क एनसीएएच्या, म्हणजे चार वर्षांच्या कॉलेजांच्या खेळ संघटनेच्या, नियमात बसले नाहीत, त्यांना नॉन-क्वालिफायर म्हणतात. दुसरा, मार्क ठीक पण कुणाच्या नजरेत आला नाही, उशिरा वाढला, छोट्या शाळेत होता, असं काहीतरी. दुसऱ्या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव ॲरन रॉजर्स. चिको गावचा, हायस्कूल संपताना डिव्हिजन वनची एकही स्कॉलरशिप नाही, मग शेजारच्या ऑरोव्हिलच्या ब्यूट कॉलेजात गेला, २००२ चा सीझन खेळला. बर्कलीचे कोच जेफ टेडफर्ड तिथे आले होते ते टाइट एंड या जागेवरच्या दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला, आणि नजर गेली या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्यावर. मार्क नीट होते म्हणून तो एकाच वर्षात बर्कलीला जाऊ शकला, आणि २००५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या ग्रीन बे संघाने त्याला ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये घेतलं. यातला एकाच वर्षात हा भाग लोक विसरतात आणि तुमच्यासाठी तोच कामाचा आहे.

कारण असं की डिव्हिजन वनमध्ये मुलाला पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात, आणि हे घड्याळ तो कुठल्याही कॉलेजात फुल-टाइम नाव नोंदवतो त्या दिवसापासून चालू होतं, ज्युकोची वर्षंही त्यात धरतात. रिक्रूटिंगवाल्या कोचचा फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, की किती वर्षं शिल्लक आहेत. त्यांच्या भाषेत ‘थ्री टू प्ले टू’ म्हणजे घड्याळात तीन वर्षं आणि त्यात खेळायचे सीझन दोन. जो मुलगा ज्युकोत दोन सीझन पूर्ण खेळून येतो तो कोचला दोनच सीझन देणार, त्यामुळे कोच त्याला शिकवायला घेत नाही, लगेच मैदानात उतरवायला घेतो. कॅन्सस स्टेटच्या बिल स्नायडर यांनी वर्षानुवर्षं संघ याच पद्धतीने उभे केले, त्यांचा मायकल बिशप हा क्वार्टरबॅक टेक्सासच्या ब्लिन कॉलेजातून आला आणि १९९८ मध्ये हाइझमनच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात दुसरा आला. त्याच ब्लिनमध्ये २००९ ला कॅम न्यूटन होता, फ्लोरिडा सोडून आलेला, आणि पुढच्याच वर्षी ऑबर्नकडून हाइझमनही जिंकला आणि नॅशनल चॅम्पियनशिपही. आता ही नावं तुमचा कॅन्ससवाला कोच पण सांगेल, सांगायलाच हवीत त्याने, त्याचं कामच आहे ते.

पण तो काळ आणि आत्ताचा काळ यात मोठा फरक पडलाय. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ पासून एकदा बदली केली तर वर्षभर बसून राहायची अट गेली, आणि २०२४ पासून मार्क नीट असतील तर कितीही वेळा बदली करता येते. म्हणजे पूर्वी कोचला डिसेंबरात एखादा तयार लाइनबॅकर कमी पडला की तो ज्युकोच्या यादीकडे वळायचा, आता त्याच्यासमोर पोर्टलमध्ये चार वर्षांच्या कॉलेजात खेळलेली मोठी पोरं रांगेत उभी असतात ज्यांचा व्हिडिओ मोठ्या टीमविरुद्धचा असतो. शिवाय २०२५ च्या हाउस सेटलमेंटनंतर (खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्यातली तडजोड) त्यात सहभागी झालेल्या कॉलेजांना रोस्टरची, म्हणजे संघातल्या खेळाडूंची, मर्यादा १०५ आली, त्यामुळे वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, घुसायच्या जागाही आटल्या. ज्युकोतून आजही मुलं उचलली जातात, नाही असं नाही, पण तीनशे पौंडाचा डिफेन्सिव्ह टॅकल असेल तर कोच स्वतः विमानाने येतो आणि १९५ पौंडाचा लाइनबॅकर असेल तर ईमेलला उत्तर येईलच असं नाही. हे कडू आहे पण कुणीतरी सांगायला हवं. तुमचा मुलगा मोठ्या कॉलेजात आज सेफ्टीच्या, म्हणजे मागे उभं राहणाऱ्या हलक्या बचावपटूच्या, मापाचा आहे, लाइनबॅकर राहायचं असेल तर अजून वीस-पंचवीस पौंड चढवावे लागतील, तेही वेग न घालवता.

दिएगो पावियाचं उदाहरण तुमच्या मुलाने नक्की वाचलं असणार. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या ज्युकोतून न्यू मेक्सिको स्टेट, तिथून व्हँडरबिल्ट, २०२४ मध्ये अलाबामाला ४०-३५ हरवलं, आणि मग ज्युकोचं वर्ष मोजू नका म्हणून एनसीएएविरुद्ध कोर्टात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि एनसीएएने तशा मुलांना २०२५ चा एक सीझन जास्त दिला. पण ती सवलत ज्यांचं खेळणं तेव्हा संपत होतं त्या बॅचपुरती. त्याच्या भरवशावर तुमचं गणित मांडू नका, चार सीझन धरूनच मांडा.

आता खरा मुद्दा. तुमच्या मुलाकडे जी गोष्ट आहे तिची किंमत तुम्हा दोघांनाही पत्रात दिसलेली नाही. तो क्वालिफायर आहे, म्हणजे १६ कोअर विषय (एनसीएए धरते ते मुख्य शालेय विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए ही अट, ती त्याने ३.६ ने आरामात ओलांडली असणार (शाळेच्या काउन्सेलरकडून कोअर विषय मात्र मोजून घ्या, एकूण जीपीए आणि कोअरचा जीपीए वेगळा असतो). नॉन-क्वालिफायरला ज्युकोतून डिग्री घेतल्याशिवाय डिव्हिजन वनला खेळता येत नाही, शिवाय ४८ ट्रान्सफरेबल युनिट्स (पुढच्या कॉलेजात धरली जाणारी क्रेडिट्स), त्यात इंग्लिश, मॅथ्स, सायन्सची सक्ती. क्वालिफायरला फक्त एक फुल-टाइम टर्म, टर्ममागे सरासरी १२ ट्रान्सफरेबल युनिट्स आणि २.५ जीपीए पुरतो. म्हणजे कॅन्ससची दोन वर्षांची शिक्षा ज्याला भोगावी लागते तो मुलगा तुमचा नाहीच. त्याला ज्युको मार्कांसाठी नको आहे, फक्त व्हिडिओसाठी आणि शरीर भरायला हवंय.

आणि ते घरी राहून होतं. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को, कॉलेज ऑफ सॅन मटेओ, हे दोन्ही प्रोग्रॅम तगडे आहेत, डिव्हिजन वनचे कोच तिथे येतात. रहिवाशांना फी ४६ डॉलर पर युनिट, म्हणजे १२ युनिट्सचे ५५२ डॉलर झाले, कॅन्ससच्या विमानाच्या तिकिटात सेमिस्टर निघतं. एच-फोरवरच्या मुलाला रहिवासी धरतील का हे कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसातून लेखी घ्या, बऱ्याचदा धरतात पण कागद लागतात. फेडरल मदत, पेल ग्रँट वगैरे, एच-फोरवर मिळणार नाही, ते धरू नका.

अजून एक युक्ती असते, ग्रेशर्ट. पहिल्या फॉल (ऑगस्टपासूनच्या) सेमिस्टरला १२ पेक्षा कमी युनिट्स घ्यायची, सामने खेळायचे नाहीत, वजन वाढवायचं, घड्याळ चालू होत नाही. तुमच्या मुलाला हे शोभेल असं मला वाटतं. पण इथे व्हिसा आडवा येतो. एच-फोरवर अर्धवेळ शिकता येतं, एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) नाही, आणि एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपतो. त्यामुळे ग्रेशर्ट केला तर कुठल्या वर्षी एफ-वन करायचा हे इमिग्रेशनच्या वकिलाकडे बसून आत्ताच तारखांसकट काढा. त्याच बैठकीत एनआयएलच्या, म्हणजे खेळाडूने स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावलेल्या, पैशांचं पण विचारा, कारण एच-फोर काय एफ-वन काय, टीममधला मित्र जाहिरात करून कमावतो तसं याने केलं तर स्टेटस धोक्यात येऊ शकतं. पोरं हे इन्स्टाग्रामवर एका मिनिटात करून बसतात.

आता बाबांसाठी. सर, कॅन्ससच्या कॉलेजातली युनिट्स यूसीच्या कॉम्प्युटर सायन्सला कशी धरली जातील याची हमी तिथला कोच देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत कशाला चालतो हे असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर कोर्सनिहाय दिसतं, कॅन्ससचं त्यात नाही. आणि एनसीएएची अजून एक अट, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा. ज्युकोत जनरल स्टडीज करून आलेल्या मुलाचा हा ४० टक्के कॉम्प्युटर सायन्समध्ये बसत नाही, मग टीमचा अकॅडमिक सल्लागार त्याला हळूच सोप्या मेजरकडे वळवतो. मुलगा खेळतो, पण तुम्ही ज्या डिग्रीसाठी भांडताय ती गेली. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून कॅल्क्युलस आणि प्रोग्रॅमिंग, सकाळच्या बॅचला, प्रॅक्टिस दुपारी.

पेच एक आहे तो लपवत नाही. फुटबॉलच्या हिशेबाने एका वर्षात निघालेलं बरं, तीन सीझन शिल्लक राहतात. पण यूसी ट्रान्सफरला साधारण दोन वर्षांची ६० सेमिस्टर युनिट्स मागते, आणि काही कॅम्पसचा टॅग, म्हणजे ठरलेले कोर्स-मार्क पूर्ण केले की प्रवेशाची हमी, तोही त्यावरच चालतो (बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि कॉम्प्युटर सायन्स बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं, नीट तपासा). मी काय करेन सांगतो, पहिल्या सीझननंतर कुणी स्कॉलरशिपची ऑफर दिली आणि मेजर तेच राहत असेल तर जावं, नाहीतर दुसरं वर्ष पूर्ण करून यूसी किंवा कॅल स्टेटला (राज्याची दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी) साध्या विद्यार्थ्यासारखं जावं, आणि तेव्हा खेळायची इच्छा उरली असेल तर तिथल्या टीमचं दार ठोठवावं.

आणि हे सगळं करण्याआधी, याच महिन्यात, त्याने यूसी डेव्हिस आणि कॅल पॉलीच्या लाइनबॅकर कोचना व्हिडिओ आणि ट्रान्सक्रिप्ट पाठवावी. दोन्ही डिव्हिजन वनच्याच पण खालच्या, एफसीएस गटात आहेत आणि अभ्यासाला उत्तम. सहा फूट एक इंच, १९५ आणि ३.६ हे कॉम्बिनेशन त्या पातळीवर कुणीतरी दोनदा वाचेल. चॅपमन, रेडलँड्स अशी डिव्हिजन थ्रीची कॉलेजं पण आहेत, तिथे खेळाची स्कॉलरशिप नाही आणि फी दणदणीत, पण मुलगा चार वर्षं खेळेल आणि अभ्यास करेल. यादीत ठेवा.

कॅन्ससच्या कोचशी बोलणं तोडू नका, उलट विचारा. गेल्या दोन वर्षांतले तुमचे लाइनबॅकर आज कुठे आहेत, नावासकट. ऑगस्टला कॅम्पमध्ये किती लाइनबॅकर येतात. स्कॉलरशिप दोन वर्षांची लेखी आहे की दर सेमिस्टरला. दुखापत झाली तर आधी कुणाचा इन्शुरन्स लागतो (बहुतेक वेळा तुमचाच). आणि ट्रेनर मैदानावर असतो का, उन्हात कोसळलेल्या मुलासाठी बर्फाचा टब तयार असतो का. हा प्रश्न विचारायला लाजू नका, २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅन्ससमधल्याच एका ज्युकोत १९ वर्षांचा मुलगा पहिल्या दिवसाच्या कंडिशनिंगनंतर हीटस्ट्रोकने गेलाय. चांगला कोच या प्रश्नांना वैतागत नाही. प्रोग्रॅम टिकेल का तेही विचारा, ॲरिझोनातल्या मॅरिकोपाच्या कॉलेजांनी २०१८ च्या सीझननंतर फुटबॉलच बंद केलं, मुलं रस्त्यावर आली.

हीच ऑफर एखाद्या नॉन-क्वालिफायर मुलाला किंवा ज्याच्या राज्यात कम्युनिटी कॉलेजचं फुटबॉलच नाही अशा मुलाला आली असती तर मी जा म्हणालो असतो, कॅन्सस, मिसिसिपी, टेक्सासमधला ज्युकोचा खेळ खरंच दर्जेदार आहे. तुमच्याकडे पर्याय आहे म्हणून नको म्हणतोय.

यूसीच्या अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेरीला संपते, तो अर्ज मुलाने भरायचा, बाबांनी नाही. कोअर विषयांचा हिशेब आणि वकिलाने काढलेल्या तारखा हातात आल्या की मला पाठवा, ग्रेशर्ट करायचा की पहिल्याच फॉलला खेळायचं ते त्यावर ठरवू.