आयजीई वाढलंय, मग प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे घेऊ का?

पाऊस सरला की सकाळी शिंकांनी जीव नको होतो, रिपोर्टात आयजीई, म्हणजे ॲलर्जीमागची अँटीबॉडी, जास्त आलंय आणि घरचे म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झाली, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकमध्येच सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. काढ्यांच्या मागे लागू नका. तुमची प्रतिकारशक्ती जोरात आहे, तिला आवरणाऱ्या पेशी कमी पडतायत.

अँटीबॉडी बनवतात बी पेशी, पण कुठली बनवायची हे त्या एकट्या ठरवत नाहीत. मदतनीस टी पेशींनी इंटरल्युकिन-४ हे निरोप देणारं प्रथिन सोडलं की बी पेशी आयजीईकडे वळते. ते आयजीई नाकातल्या, त्वचेतल्या मास्ट पेशींना, म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या पेशींना, चिकटून बसतं. रक्तात ते दोनेक दिवसच टिकतं, मास्ट पेशींवर मात्र कित्येक आठवडे. मग मोकळ्या प्लॉटवरच्या गाजरगवताचे परागकण नाकात गेले की काही मिनिटांत शिंका आणणारं हिस्टामिन सुटतं.

याला आवर घालतात नियामक टी पेशी. शिमोन साकागुचींनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागचं फॉक्सपी-३ जनुक शोधलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. हे जनुक जन्मतःच बिघडलेल्या मुलांना इसब होतो आणि त्यांचं आयजीई भरमसाट वाढतं. या पेशींचं महत्त्व पटवायला मला याहून ठळक पुरावा माहीत नाही. त्या इंटरल्युकिन-१० सोडतात. त्याने मदतनीस पेशी शांत होतात आणि बी पेशी आयजीजी-४ या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीकडे झुकते. हे आयजीजी-४ परागकणातल्या प्रथिनाला मास्ट पेशीपर्यंत पोचण्याआधीच धरतं.

शिंकांची रोजची गोळी फक्त हिस्टामिनला अडवते, आयजीई बनणं चालूच राहतं. ॲलर्जीची लस, म्हणजे त्याच परागकणांचे वाढत जाणारे डोस, या नियामक पेशींनाच बळ देते. मात्र ती ३ ते ५ वर्षं चिकाटीने घ्यावी लागते, तीही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

त्याआधी त्वचेवरची चाचणी करून नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते बघा. नुसता एकूण आयजीईचा आकडा ते सांगत नाही. पोटात जंत असले तरी तो वाढतो. आणि गाजरगवत उपटायचं झालं तर फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटा. त्याने हातांवर उठणारी खाज बहुतेकदा थेट टी पेशींमुळे असते, त्यामुळे ती आयजीईच्या रिपोर्टात दिसत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात.