फ्लो सेन्सर शून्य दाखवतोय? बदलण्याआधी उघडून बघा

प्रश्न : ठिबकच्या कंट्रोलरला जोडलेला पंख्याचा फ्लो सेन्सर (किती पाणी वाहिलं ते मोजणारा) पाणी चालू असताना शून्य दाखवतो. कधी व्हॉल्व्ह बंद असतानाही आकडा पळतो. नवीन सेन्सर घ्यावा का?

उत्तर : लगेच घेऊ नका. पण तोवर या आकड्याच्या भरवशावर खतही सोडू नका, मात्रा चुकेल.

मोटर बंद करा, लाइनमधला दाब सोडा आणि सेन्सर खोला. आतल्या पंख्यावर चुंबक असतो. पाण्यातले लोहाचे कण त्याला चिकटून तांबूस-काळा गाळ धरतो आणि पंखा अडतो. साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा. हलकी फुंकर मारल्यावर पंखा न अडखळता फिरला पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका, पंखा अति वेगाने फिरून त्याची बैठक झिजते. बसवताना बाण प्रवाहाच्या दिशेला ठेवा. सेन्सरची जागा फिल्टरच्या पुढे आणि व्हेंच्युरीच्या (पाण्यात खत ओढणाऱ्या नळीच्या) आधी हवी, म्हणजे खताचे क्षार त्यात साचणार नाहीत.

पंखा मोकळा असूनही शून्यच येत असेल तर वायर तपासा. बहुतेक छोट्या सेन्सरमध्ये लाल धन, काळी ऋण आणि पिवळी सिग्नलची असते. सेन्सर कंट्रोलरला जोडलेला ठेवून काळ्या-पिवळ्या वायरींवर मल्टिमीटर लावा आणि पंखा बोटाने अगदी सावकाश फिरवा. व्होल्टेज शून्याजवळून वर जाऊन परत खाली येत असेल तर सेन्सर ठीक आहे. हालचालच नसेल तर आधी लाल वायरीत वीज पोहोचते का ते बघा. गंजलेला जोड हे नेहमीचं दुखणं आहे.

मोटर सुरू होताच आकडा पळत असेल तर सिग्नलची वायर मोटरच्या केबलला खेटून गेली असेल, ती लांबून न्या. मोटर बंद झाल्यावर पळत असेल तर पाणी मागे येतंय. हा सेन्सर दिशा ओळखत नाही, उलटं पाणीही मोजतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा.

सगळं झाल्यावर बादलीने मोजा. समजा 20 लिटर भरले आणि कंट्रोलरने 17 दाखवले. सेटिंग लिटरला 450 पल्सचं (पंखा फिरताना सेन्सर पाठवतो त्या ठोक्यांचं) असेल, तर 17 गुणिले 450 भागिले 20, म्हणजे साधारण 382 घाला. तीनदा मोजून सरासरी धरा. दर वेळी आकडा वेगळाच आला, तर लाइनमध्ये हवा नाही ना, पाइप पूर्ण भरून वाहतोय ना, ते बघा. तेही ठीक असेल तर पंख्याची बैठक झिजली आहे, मग सेन्सर बदला.