पेठेच्या नागरिक समितीत नव्याने येताना

तू समितीत आलीस, मनापासून आनंद झाला. सदाशिव पेठेत काम करायचं तर आधी सकाळी कचरा उचलायच्या वेळी गल्ल्या फिरून घे. सफाई सेवक, मुकादम, आरोग्य निरीक्षक यांना नावानिशी ओळख. अर्धी कामं तिथेच मार्गी लागतात.

मोठी तक्रार मात्र तोंडी करू नकोस. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दोन प्रतींत दे, फोटो जोड आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचार. तिथे ३० दिवसांची मुदत आहे. शिवाय पुण्यात २००६ पासून नागरिकांना पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. पदपथ, दिवे, बाक सुचव. अर्जाची मुदत लोक हमखास चुकवतात, तेवढी सांभाळ.

गणपतीत आवाजाचा प्रश्न येणारच. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण नियम दाखवण्याआधी मंडळाच्या पोरांशी महिनाभर आधी बोल. आजारी माणूस कुठल्या घरात आहे हे कळलं की ती ऐकतात, हा माझा अनुभव.

आणि बैठकीला भाडेकरू, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणारी मुलंही बोलाव. पाणी त्यांनाही लागतं.