डब्यांना जुनेपण देताना

मॉडेल रेल्वेचे डबे वापरून मळलेले, जुने दिसावेत म्हणून रंगवताना पहिला प्रयोग नव्या, महागड्या डब्यावर करू नका, एखादी जुनी मालवाघीण घ्या. आधी तिच्यावर मॅट वॉर्निशचा पातळ हात द्या. प्लास्टिकची चकाकी गेली की निम्मं काम झालं आणि पुढचा रंगही नीट धरतो. मग तपकिरी-काळा ॲक्रिलिक रंग भरपूर पाण्यात पातळ करून लावा आणि ओलसर ब्रशने वरून खाली पुसत या, कारण पावसाचे ओघळ तसेच उतरतात. ब्रेकची तांबूस धूळ मात्र खालच्या भागातच जास्त दाखवा. सॉफ्ट पेस्टल खडूची पूड त्यासाठी फार छान! शेवटी पुन्हा मॅट वॉर्निश, नाहीतर पूड बोटांना लागते. चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला आणि डबे जोडणाऱ्या कपलिंगला रंग अजिबात लागू देऊ नका.

देखाव्यातल्या छोट्या इमारतींच्या भिंती जोडण्यापूर्वीच रंगवा. आत दिवा लावणार असाल तर आतून काळा रंग द्या, नाहीतर भिंतच उजळते. माप सांभाळाच: एचओ हे मॉडेल रेल्वेचं प्रमाण म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७व्या भागाइतकं), त्यामुळे २ मीटरचा दरवाजा साधारण २३ मिलिमीटरचा हवा. अगदी मागच्या रांगेत १:१६० ची, म्हणजे आणखी लहान, एन स्केलची घरं चालतात, त्याने देखावा खोल वाटतो.