मराठवाड्यात माणसं एवढी राबतात, तरी उत्पादकता कमी का?

राबणं वेगळं, उत्पादकता वेगळी. तासाभराच्या कामातून किती मूल्य निघतं, ते हाताशी काय साधन आहे त्यावर ठरतं. बीडकडचं ऊसतोड जोडपं (दोघं मिळून हिशेबात एक ‘कोयता’!) पहाटेपासून फडात असतं. त्याच गावचा पोरगा वाळूजच्या कारखान्यात लागला की तासाला कितीतरी जास्त मूल्य तयार करतो. माणसं तीच, फक्त मागे यंत्र, वीज, रस्ता आणि थोडं प्रशिक्षण आलं.

पण माझ्या मते आपल्याकडे आधी पाणी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. घागरीसाठीच अर्धा दिवस जात असेल, तोही बहुतेक बाईचाच, तर कामाला उरतं काय? कर्ज, बाजारभाव हे आहेतच. शिवाय पोरं आईबापांबरोबर फडावर गेली की शाळा बुडते.